घरची विहीर की नळ, खरंच स्वस्त काय पडते?

रुपाली_हुडकेश्वर: नमस्कार, आमचं घर नागपूरच्या हुडकेश्वर भागात आहे. मामाजींनी (सासऱ्यांनी) प्लॉट घेतला तेव्हा आधी विहीर खोदली मग घर बांधलं, 40 फूट खोल, पक्की बांधलेली. आता गल्लीत नळाची लाइन आली आणि कनेक्शन घ्यायचं की नाही यावरून घरी रोज बोलणं होऊन राहिलं. मामाजी म्हणतात घरचं पाणी फुकट आहे, मीटर कशाले पाहिजे. पण मागच्या वर्षी मोटर जळाली तर रिवायंडिंगले अडीच हजार गेले, मे मध्ये पाणी तळाला गेलं की टँकर बोलवा, गडर लाइन (सांडपाण्याची) अजून नाही म्हणून सेप्टिक टँक उपसायचे पैसे वेगळे, मग फुकट कुठं राहिलं? आम्ही पाच जण आहोत, जाऊबाईंना सातवा महिना आहे. काय करावं?

विदर्भ_माणूस: ताई, आधी हिशोब करा. माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे पाच जणांचे रोजचे 675, महिन्याचे 20 हजार लिटर. नळाच्या बिलात 1 युनिट म्हणजे 1000 लिटर, म्हणून 20 युनिट झाले, आणि रेट स्लॅबने वाढतो, म्हणजे वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर जास्त. झाडं, अंगण, कपडे अन् उन्हाळ्यातले कूलर विहिरीवर ठेवा तर नळाचे युनिट बरेच कमी लागतील. 1 एचपीची मोटर तासाला एक युनिटच्या आसपास वीज खाते, ती काही जड नाही, जड जाते ती दुरुस्ती. विहीर बुजवू मात्र नका जी.

प्रयोगशाळेतला_दादा: पैशाचं नंतर पाहू, सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे ते सांगा. घरात आलेल्या पाण्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन जाते, म्हणजे तुमच्या 675 मधले 540 लिटर रोज त्याच जमिनीत मुरून राहिले जिथून तुम्ही पाणी ओढता. आपल्याकडे खाली खडक, पाणी भेगांतून चालते, मातीतून गाळून येईलच असं नाही. निदान 50-60 फूट अंतर पाहिजेच. पाणी तपासून घ्या, नायट्रेट (सांडपाण्यातून विहिरीत उतरते ते) लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात ते पाणी अजिबात वापरू नका, आणि हे उकळून जात नाही, उलट पाणी आटते तसं वाढते. टीसीएल पावडरनेही (विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर) जात नाही, त्याने जंतू मरतात फक्त.

मानेवाडा_रोड: एक गोष्ट राहिली. नळ घेतला की प्लंबर दोन्ही पाइप एकाच टाकीत जोडून देतो, आमच्याकडे तसंच केलं होतं. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी स्वयंपाकघरात यायचं, पोरगा दोनदा आजारी पडला, मग कळलं. आता वर दोन टाक्या आहेत, पाइप वेगळे, विहिरीच्या नळाले लाल रंग लावला. खर्च झाला पण करा.

रुपाली_हुडकेश्वर: दादा, आत्ताच टेप घेऊन मोजलं, 28 फूट. मामाजी स्वतः दुसरं टोक धरून होते, काही बोलले नाहीत, मग म्हणाले उद्या बाटलीत पाणी भरून तपासायले देऊन ये आणि नळाचा फॉर्म पण आण. बाटली कशी धुवायची, किती लिटर न्यायचं ते सांगा ना.

प्रयोगशाळेतला_दादा: नायट्रेट, क्षार वगैरेसाठी 1 लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, त्याच पाण्याने तीनदा खंगाळून काठोकाठ भरा. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मागा, ती खंगाळायची नाही. मोटर पाच मिनिटं चालवून मग भरा आणि त्याच सकाळी पोचवा.