बर्फाचं वादळ नुसतं ठरीव नाही
एकांनी लिहिलंय की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम माळांवर वसायला गेलेल्या लोकांच्या नाताळ-प्रेमकथांत दरवेळी हिमवादळ येतं, दोघं एका घरात अडकतात आणि लग्न ठरतं. खरं आहे, पण ते वादळ मला उगाच आणलेलं वाटत नाही. नेब्रास्का-डकोटाच्या माळावर झाडं विरळ. लोक गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरं बांधत. अशा ठिकाणी दारातल्या परक्याला आत घेणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न असे. मग ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’ हे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, येशूच्या जन्माच्या वेळचं वाक्य नायिकेला आठवलं, तर ते प्रवचन वाटत नाही.

आणखी एक. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं २१ वर्षांच्या अविवाहित स्त्रीलाही स्वतःच्या नावावर १६० एकरांपर्यंत जमिनीचा दावा सांगता येई; पाच वर्षं तिथं राहून ती जमीन कसावी लागे. अशी नायिका आधारासाठी लग्न करत नाही, म्हणून तिचा होकार मला फार मोलाचा वाटतो. मात्र ती जमीन आधी लकोटा, पॉनी या मूळ अमेरिकी जमातींची होती, हे बहुतेक कथा गाळतात. मला ते खुपतं.