मदत हवी आहे: पहिल्या प्रेमाचे प्रामाणिक चित्रण करणारे चित्रपट सुचवावेत

किशोरवयीन मुलांबरोबर पाहून चर्चा करता येईल, असे पहिले प्रेम आणि वयात येतानाची घालमेल प्रामाणिकपणे दाखवणारे चित्रपट मी शोधत आहे. त्याच कलाकारांना घेऊन बारा वर्षे टप्प्याटप्प्याने चित्रित झालेला रिचर्ड लिंकलेटर यांचा ‘बॉयहूड’ (२०१४) आणि जब्या या शाळकरी मुलाच्या शालू या वर्गातल्या मुलीवरील अबोल प्रेमाला जातिव्यवस्थेच्या वास्तवापासून वेगळे न काढणारा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) यादीत आहेतच. पंचविशीतल्या नटांना गणवेश चढवून केलेले चित्रपट मात्र नकोत; ते पुष्कळ आहेत. प्रेम सफल होते की नाही यापेक्षा त्यातला संकोच, गैरसमज आणि मित्रांसमोरची फुशारकी जिथे खरी वाटते, त्यातही मुलीच्या नजरेतून सांगितलेले, कोणत्याही भाषेतील चित्रपट कृपया सुचवावेत.