गोचिडांवर निलगिरी, गवती चहा: उपाय की नुसता घमघमाट?

ओटीवरची
आमचा कुत्रा बंड्या चार वर्षांचा, गावठी, रोज टेकडीवर हुंदडणारा. पावसाळा सरला की कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत गोचीडच गोचीड. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. खोक्यातला कागद वाचला तर त्यात झटके, थरथर असं काय काय! मन होईना. मग वाटीभर खोबरेलात निलगिरी आणि गवती चहाचं तेल दहा-दहा थेंब घालून रोज संध्याकाळी चोळायला लागले. पंधरा दिवसांत वीस-पंचवीसवरून चार-पाचवर आलं. टेकडीवर जाताना माझ्या घोट्यांनाही तेच लावते. वासाने काम भागत असेल तर कुत्र्याच्या रक्तात औषध कशाला? वाद घालायला या, पण "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून पळू नका.

गोठेवाला
मीच जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे पळत नाही.

कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी पोट भरलं की खाली उतरतो. मादी फुगून वाटाण्याएवढी होते, उतरते आणि चौकटीच्या फटीत नाहीतर गादीखाली हजारो अंडी घालून मरते. म्हणजे तुमचे ते वीस पळून गेले की जेवून उठले, हे बंड्याकडे बघून कळायचं नाही. रात्री टॉर्च घेऊन भिंती बघा.

निलगिरी, गवती चहाला गोचीड बिचकतो, हे मी नाकारत नाही. पण ही तेलं उडून जाणारी. दोन-चार तासांनी वास तुमच्या सोफ्याला आणि गोचीड पुन्हा कुत्र्याला. झटक्यांचा इशारा खरा आहे, अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१८ मध्ये या गटातल्या गोळ्यांसाठी तो दिला. आधी फिट येऊन गेलेल्या कुत्र्याला मी त्या देत नाही. पण माझ्या टेबलावर गोळीने झटके आलेलं कुत्रं क्वचित येतं. गोचीडतापाची मात्र रांग असते: हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त, प्लेटलेट घसरलेल्या.

आणि चिकटलेल्या गोचिडावर तेल, रॉकेल काही ओतू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका.

करंजवेल
"उडून जाणारी" म्हणत सगळी तेलं एका माळेत ओवू नका, डॉक्टर. कडुलिंब, करंज ही घाण्याची तेलं, ती उडत नाहीत. आमच्याकडे म्हशीच्या कासेला, शेपटीखाली करंजेल चोळतात, तिन्हीसांजेला गोठ्यात निरगुडीच्या पाल्याचा धूर असतो. आजीच्या काळापासून हेच. तुमच्या एका गोळीच्या पैशांत पेंडीचं पोतं येईल.

गोठेवाला
करंजेल मान्य. पण गोचीड हाताने वेचता की नाही?

करंजवेल
वेचतो की. कोंबड्याही वेचतात.

गोठेवाला
मग सगळं श्रेय तेलाला कसं देता?

सोनीची आई
मांजरवाल्यांनो, इथलं वाचून घरी प्रयोग करू नका. दोन वर्षांपूर्वी "शंभर टक्के नैसर्गिक" छापलेल्या टी ट्री तेलाचे चार थेंब मी सोनीच्या मानेवर लावले. संध्याकाळी तिचे मागचे पाय लटपटायला लागले, तोंडातून लाळ, हाक मारली तरी मान वर करेना. दोन दिवस सलाईन. मांजराच्या यकृताला ही तेलं पचवून बाहेर टाकायची पुरेशी सोयच नसते, हे तेव्हा कळलं. कुत्र्यांनाही निव्वळ टी ट्री बाधतं. रसायनवाल्यांनीही हुरळून जाऊ नये: कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर उठतं.

काजूवाला, दोडामार्ग
तुमचा वाद कुत्र्याच्या कानाचा, आमचा जिवाचा. २०१६ पासून आमच्या तालुक्यात गोचीड चावून माणसाला होणारा माकडताप आहे, पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात त्याच्या वर्षभर आधीच आला. नेमका काजूच्या हंगामात जोर. बोंडू वेचायला पाल्यात वाकायचं आणि त्याच पाल्यात गोचिडांची खसखशीएवढी पिल्लं असतात. चावलेलं कळतसुद्धा नाही. गोचीड लांब ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी हे रासायनिक तेल मिळायचं. चिकट, घामाबरोबर आणखी चिकट. काही जण ते कोनाड्यात ठेवून कापूर घातलेलं खोबरेल लावून जायचे. मी नाही गेलो. कर्नाटकात आता त्याच कामाला डीआरडीओचं डेपा तेल वापरतात, तेही रसायनच. बागेतून आलं की कपडे गरम पाण्यात आणि कडक पाण्याने आंघोळ, यात आमच्या घरात सूट नाही.

ओटीवरची
दादा, तुमच्यापुढे माझी टेकडी म्हणजे अंगणच. पण मग माझ्या घोट्यांना लावू की नको? वनस्पतीतलं सगळंच कुचकामी, हे काही पटत नाही.

जर्सीचा बाळ्या
सगळं नाही. इथे अमेरिकेत हरणांवरच्या गोचिडांमुळे लाइम रोगाची भीती, म्हणून मी यात बराच खोल गेलोय. इथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी गोचीड पळवायला जी द्रव्यं सुचवते त्या यादीत लिंबू-निलगिरीपासून केलेलं एक द्रव्य आहे, पीएमडी. पण ते म्हणजे सर्दीला हुंगायची निलगिरी नव्हे, झाडच वेगळं. त्या झाडाचं नुसतं काढलेलं तेलही नव्हे, प्रक्रिया करून पीएमडी वाढवलेलं. तीन वर्षांखालच्या पोरांना तेही लावायचं नाही. देवदार, जिरेनियम वगैरेंच्या फवाऱ्यांना इथे नोंदणीतून सूट आहे, गुण सरकारला सिद्ध करून दाखवावा लागत नाही. बाटलीवर हिरवं पान छापलं की झालं! मी पँट मोज्यात खोचतो, वेंधळा दिसतो, चालतं.

ओटीवरची
काल रात्री टॉर्च घेऊन गॅलरीत गेले. बंड्याची गादी उचलली, खाली काही नाही. मनात म्हटलं, हरले डॉक्टर. मग चौकटीवर उजेड मारला. फटीत ओळीने सात, त्यातली एक राखाडी, टम्म. गोळी अजून कपाटातच आहे, आज फटी बुजवायला माणूस येतोय. गोळीचं परवा बघू.

करंजवेल
तोवर एक कोंबडी पाठवू का?