मदत हवी आहे : दापोली-हर्णै पट्ट्यात मित्रमंडळींसोबत जिओकॅशिंग

माडाखाली
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस सहा जण (त्यांत दोन शाळकरी मुलं) तीन दिवस कर्दे-मुरूड-हर्णै भागात आहोत. जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेली डबी, म्हणजे 'कॅश', संकेतस्थळावर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा खेळ) कुणीच केलेलं नाही. चार गोष्टी अडल्या आहेत.

एक, कॅशच्या पानावरचे अक्षांश-रेखांश नकाशात टाकले की खूण थेट समुद्रात पडते. दोन, फोनमधला बाण एका जागी उभं राहिलं तरी गरगर फिरतो. तीन, मुलांसाठी स्वतःच दोन-चार डब्या लपवायच्या आहेत, त्या कुठे आणि कशात? चार, एक मित्र परदेशातून येतोय, तो त्याचा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) आणू का विचारतोय.

सड्यावरून
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नव्वद टक्के नवखे इथेच फसतात. कॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटं अशा रूपात असतात. समजा पानावर उत्तर १७° ४६.५००, पूर्व ०७३° ०७.५०० असं आहे. यातले ४६.५ ही मिनिटं, म्हणजे त्यांना ६० ने भागायचं : १७.७७५ आणि ७३.१२५. तुम्ही बहुधा १७.४६५, ७३.०७५ टाकलंत. ठिकाण चौतीस किलोमीटर दक्षिणेला सरकून गुहागरसमोर भर समुद्रात गेलं. ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश मिनिटांचं रूप निवडा आणि आकडे जसेच्या तसे टाका. डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ असावा, तो बहुतेक फोनांत आपोआप असतोच.

आता बाण. बाण दोन वेगळ्या गोष्टींवर चालतो. तुम्ही कुठे आहात हे उपग्रह सांगतात, तोंड कुठे आहे हे फोनमधलं होकायंत्र सांगतं. बिघडतं ते बहुतेक वेळा होकायंत्र, आणि त्याला कारण लोहचुंबकाची झडप असलेलं फोनचं कव्हर. कव्हर काढा, गाडीपासून पाच-सहा पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात चार-पाचदा फिरवा. तरी बाण वेडावाकडा असेल तर त्याच्याकडे बघूच नका, अंतराचा आकडा बघत चाला. आकडा कमी होतोय ती दिशा बरोबर. (राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पापाशी होकायंत्र चक्क भरकटतं. तिथे फोन निर्दोष असतो.)

शेवटचे दहा मीटर उपग्रहाचे नसतात, डोळ्यांचे असतात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातला एक आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम १.८५ मीटर. उघड्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, फोन तीन ते पाच मीटर चुकतो. माडा-पोफळीच्या वाडीत, नाहीतर कातळाच्या कड्याला लागून, दहा-पंधरा मीटरही चुकतो, कारण लहरी पानांत अडतात आणि कड्यावर आपटून उशिरा पोचतात. म्हणून अंतर दहाच्या खाली आलं की फोन खिशात टाका आणि 'इथे मी लपवली असती तर कुठे?' असं बघा. सारखे रचलेले तीन दगड, एकाच जागी वाकलेलं गवत, फांदीला नको तिथे बांधलेली तार.

उधाण_भांग
अंतरावर बेत आखू नका, भरती-ओहोटीवर आखा. कॅश किनाऱ्यालगतच्या खडकांत असली तर ती 'दोनशे मीटरवर' आहे याला काही अर्थ नाही.

जुना आडाखा : तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. त्यातून सहा तास वजा केले की सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, आणि ते उधाण, म्हणजे पाणी सर्वांत आत जातं आणि सर्वांत वरही येतं. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला मिळते खरी, पण तो भांग. पाणी फारसं हटत नाही. दुपारची सोयीची वेळ बघून अष्टमी निवडणारे हमखास हिरमुसतात.

आणखी एक. पाणी एकसारखं चढत नाही. भरती लागल्यावर पहिल्या तासात साधारण बारावा भाग चढतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. 'अजून कुठे आलंय पाणी' म्हणून बसलेला माणूस तिसऱ्या तासात अडकतो तो यामुळे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नेमकं हेच होतं. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांत उतरा, ओहोटीच्या ठोक्याला परत फिरा, कॅश मिळो न मिळो.

सड्यावरून
@उधाण_भांग, पाऊणपटीचा आडाखा मुंबई-अलिबागला चपखल बसतो. दक्षिणेकडे भरती त्याआधी येते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी आडाख्यावर विसंबू नये, स्थानिक बंदराचं भरतीचं कोष्टक बघावं.

उधाण_भांग
मान्य. आडाखा बेत करायला, कोष्टक पाण्यात उतरायला. आणि हर्णै बंदरावर सकाळी कुठल्याही खलाशाला विचारलंत तर तो दोन्हींपेक्षा नेमकं सांगेल.

गडगा
लपवण्याबद्दल. अधिकृत संकेतस्थळावर नोंदवायचा विचार असेल तर सोडा. कॅशची देखभाल करणारा जवळपास हवा, सहलीत टाकून आलेल्या कॅश सहसा मंजूर होत नाहीत. शिवाय दोन प्रत्यक्ष डब्यांत किमान १६१ मीटर अंतर, जागामालकाची परवानगी, आणि जमीन खणायची नाही, असे नियम आहेत. मुलांसाठी खाजगी खेळ मांडा, निघताना सगळं उचलून आणा. ज्या घरी उतरणार त्यांच्या वाडीतच, त्यांना विचारून.

डबी : रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची, आत रबरी वायसर असलेली प्लॅस्टिकची बरणी, पाव ते अर्धा लिटर. पत्र्याची डबी आणि लोहचुंबकाच्या बारीक कुप्या इथे टिकत नाहीत, खाऱ्या हवेत त्यांना लवकर गंज चढतो. दाबून बसणारं झाकण दिवसा उन्हात फुगतं, रात्री आवळतं आणि दव आत ओढून घेतं. आत झिपची पिशवी, तिच्यात वही, सोबत औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी. लिहायला शिसपेन्सिल, कारण दमट कागदावर जेलपेन फुटतं. खाऊ ठेवू नका. एक चॉकलेट ठेवलंत तर तासाभरात मुंग्या आणि दुसऱ्या दिवशी माकडं.

आकडे घेताना फोन डबीवर ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा, मग वाचा. बाजूला जाऊन परत या, असे पाच आकडे घ्या, जमल्यास दोन सकाळी नि तीन संध्याकाळी, आणि सरासरी काढा. एकच आकडा घेऊन लपवलेली डबी लपवणाऱ्यालाच सापडत नाही. सोबत एका ओळीचा इशारा लिहा, 'पोफळीच्या तिसऱ्या ओळीत, गुडघ्याच्या उंचीला' असा. मुलांना पंधरा मिनिटांनी तोच लागतो.

कुठे नको : सुवर्णदुर्ग (संरक्षित स्मारक आहे, २०२५ साली युनेस्कोच्या यादीतही गेला), देवराई, कातळशिल्पं, आणि पुळण. पुळणीवर जाळीचं कुंपण दिसलं तर ती कासवांच्या अंड्यांची हॅचरी, तिच्याजवळ रात्री विजेऱ्या मारू नका. जेटी आणि बंदर तर अजिबात नको. १९९३ साली याच किनारपट्टीवर, रायगडात शेखाडीला, स्फोटकं उतरली होती. बेवारस डब्याकडे इथले पोलीस आणि गावकरी खेळ म्हणून बघत नाहीत. बरणीवर बाहेरून ठळक मराठीत 'मुलांचा खेळ, आत वही आहे' आणि फोन नंबर लिहा, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

सॅटेलाइट मेसेंजर घरीच ठेवायला सांगा. परवान्याशिवाय ते यंत्र भारतात बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडवतील. नुसतं उपग्रहाकडून ऐकणारं, संदेश न पाठवणारं साधं जीपीएस यंत्र चालतं.

माडाखाली
खूप आभार. आकड्यांचं कोडं सुटलं, खूण आता मुरूडच्या बाजूला किनाऱ्यावर पडतेय. दोन शंका. अधिकृत ॲपमध्ये काही कॅश उघडतच नाहीत. आणि सड्यावरच्या दगडी बांधांत हात घालून शोधायचं ना?

सड्यावरून
फुकट खात्यात ॲप फक्त सोप्या कॅश उघडतं. अवघडपणा आणि भूभाग असे दोन आकडे १ ते ५ असतात, दीडच्या वरच्या कॅश ॲपमध्ये झाकलेल्या, पण संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच दिसतात. अँड्रॉइडवर सी-जिओ हे मुक्त ॲप घ्या, त्यात कॅश आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. सड्यावर रेंज जाते, म्हणून हे काम घरून निघण्याआधी वायफायवर करा. कॅश निवडताना शेवटची नोंद बघा. लागोपाठ तीन 'सापडली नाही' असतील तर ती पावसात वाहून गेली असं धरून चाला, मुलांना तिथे नेऊ नका.

सहा जणांत एकाच्याच हातात फोन द्या. बाकीच्यांनी दहा मीटरच्या आत आल्यावर पसरायचं. सापडली की ओरडायचं नाही, गपचूप बाजूला येऊन बसायचं, म्हणजे उरलेल्यांनाही शोधता येतं. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. वहीत सगळ्यांचं मिळून एक नाव आणि तारीख. डबी होती तिथेच, होती तशीच.

गडगा
गडग्यात हात अजिबात घालायचा नाही! रत्नागिरीच्या जांभ्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो, वीतभर-हातभर लांब, मातकट, दगडाखाली दिसतच नाही तो. आधी काठीने ठोका, दगड उचलायचाच तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे दगड आडोसा होतो आणि साप पलीकडे निघतो. संध्याकाळी विजेरी, पायात बूट. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते पहिल्याच दिवशी घरमालकांना विचारून ठेवा.

माडाखाली
काठ्या सहा घेतो. कोष्टक काढलं, दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी सव्वानवाला आहे, म्हणजे पावणेआठला खडकांत.

उधाण_भांग
बरोब्बर. आणि सव्वानवाला पाठ फिरवायची, विसरू नका.