जुनी बुलेट घाट चढताना तापून बंद पडते, पावसाआधी आंबोली गाठायची आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी १९८९ ची बुलेट ३५०. जुनं कास्ट आयर्न इंजिन, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट करंट उघड-बंद करतात, त्यानं कॉईल प्लगला ठिणगी देते, आणि कंडेन्सर खुद्द पॉइंटवर ठिणगी उडू देत नाही), गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मूळ मामांची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना किक मारणं जमेना, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आरसीचं नूतनीकरण झालंय, नवी नंबरप्लेटही बसवली आहे, त्यामुळे कागदांचा प्रश्न नाही. प्रश्न इंजिनाचा आहे.

गेली तीन वर्षं उन्हाळ्यात एक रविवार आड मी हिला घेऊन दिवसभरासाठी बाहेर पडतो. हायवेला जात नाही. कोल्हापुरातून पहाटे साडेपाचला निघायचं, शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंच्या उसातून गार हवा अंगावर येते. मग कधी गगनबावडा, कधी राधानगरीवरून दाजीपूर. सगळ्यात आवडीचा म्हणाल तर गारगोटी-कडगाव-पाटगाव. कडगाव सोडलं की वाहनं जवळजवळ संपतात, आणि वेदगंगेच्या खोऱ्यातून पन्नासच्या वेगानं जाताना इंजिनाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. पाटगाव मधाचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे, येताना एक बाटली ठरलेली. अशा रस्त्यांना ही गाडी जितकी शोभते तितकी दुसरी कुठली शोभेल असं मला वाटत नाही.

आता अडचण. एप्रिलमध्ये करूळ घाटानं खाली उतरलो, वैभववाडीत नाश्ता केला आणि साडेअकराच्या सुमारास भुईबावडा घाट चढायला घेतला. तीन-चार वळणं झाल्यावर आधी ओढ गेली, मग दोन झटके, सायलेन्सरमधून एक फटाका, आणि गाडी बंद. दहा-बारा किका मारल्या, काही नाही.

सावली बघून गाडी लावली आणि जमेल तेवढं तपासलं:

टाकीचं झाकण उघडलं. हवा ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचं भोक बुजलेलं नसावं. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला, पेट्रोल नीट आलं. प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली, तर ठिणगी बारीक, पिवळट, आणि दोन-तीन किकांतून एकदा. इग्निशन चालू ठेवून डिकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून हळू किक फिरवली, तेव्हा अँमीटरचा काटा मात्र व्यवस्थित हलत होता. म्हणजे पॉइंटपर्यंत करंट येतोय, पुढे मरतोय, असा माझा समज.

वळणावर एक आजी पानाच्या द्रोणात करवंदं विकत बसल्या होत्या. त्यांनी कळशीतलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "निवू दे तिला." पस्तीस मिनिटांनी परत प्लग टेकवून बघितला तर ठिणगी जाड, निळी. पहिल्या किकला चालू, आणि घरापर्यंत काही झालं नाही. पंधरा दिवसांनी फोंडा घाट चढताना दुपारी पुन्हा हेच. सपाटीवर सकाळच्या वेळी ऐंशी किलोमीटर न थांबता गेलो तरी कधी त्रास नाही.

घरी पॉइंटचं कव्हर उघडलं. गॅप ०.४ मिमी होता, तो ठीक. पण एका पॉइंटवर बारीक उंचवटा आणि समोरच्यावर तसाच खड्डा झालाय. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही गेल्या दिवाळीत बदललेत, मग इतक्या लवकर असं का व्हावं? एका मिस्त्रींनी गाडी बघून थेट "बोअर करा, पिस्टन बदला" (म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करायचा) सांगितलं. मला ते पटत नाही. गाडी धूर मारत नाही, ऑइल कमी होत नाही, थंड असताना किकला दाब उत्तम लागतो.

मला विचारायचंय ते असं. दोष कंडेन्सरचा की कॉईलचा, हे रस्त्यावर ओळखायची खात्रीची रीत आहे का? पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, त्यानं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापत असेल का? (रबरी पाइप मी आधीच बदललाय.) पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? मन होत नाही, कारण पॉइंट रस्त्यात स्वतःला दुरुस्त करता येतात.

घाई एवढ्यासाठी की मामांना मागे बसवून आजरामार्गे आंबोलीला न्यायचंय. ते बहात्तर वर्षांचे आहेत. मी एकटा असतो तर घाटात तास-दोन तास बसलो असतो, त्यांना मे महिन्याच्या उन्हात रस्त्याकडेला बसवायचं नाही. येताना तिलारी घाटातून चंदगडला चढावं असाही विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

बोअरला अजिबात हात लावू नका. पॉइंटवर उंचवटा-खड्डा म्हणजे कंडेन्सरची खूण. दिवाळीत बसवलेला हलका निघाला असणार, हल्ली नवे कंडेन्सर जुन्यांइतके टिकत नाहीत. मूळ जागा पॉइंटच्या घरात, इंजिनाला चिकटून, त्यामुळे तापला की दम सोडतो आणि निवला की परत शहाणा होतो. उपाय सोपा आहे. तिथला कंडेन्सर सोडवा आणि जुन्या मोटारीचा कंडेन्सर बाहेर, कॉईलशेजारी स्क्रूनं घट्ट बसवा. वायर पॉइंटकडून येणाऱ्या कॉईलच्या टोकाला, आणि बॉडी जिथे टेकते तिथला रंग खरवडून अर्थिंग पक्कं करा. एक जादा खिशात ठेवा. गाडी बंद पडल्यावर तो जोडून ठिणगी निळी झाली तर दोष कंडेन्सरचा, नाही झाली तर कॉईल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. पुढच्या वेळी गाडी गरम असताना बंद पडली की डिकॉम्प्रेशन न दाबता किक दाबून बघा. दाब लागला नाही तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवायची जागा) घट्ट आहेत, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. ई२० चं म्हणाल तर प्लगचा रंग बघा. विटकरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाका. आणि तिलारी घाट मामा मागे असताना नको. चढ फार उभा आहे, उतरायलाही ड्रमब्रेकला जड जातो. आजऱ्यावरूनच जा, आजऱ्यावरूनच या. आजऱ्याच्या पुढे सावलीही चांगली आहे.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

दोघांचे मनापासून आभार. पुशरॉड तपासले, एक्झॉस्टचा जरा घट्ट होता, तो सैल केला. मोटारीचा कंडेन्सर कॉईलशेजारी बसवला, पॉइंट नवे टाकले. काल मुद्दाम बाराच्या उन्हात भुईबावडा चढलो, तेही घरचं पंचवीस किलो तांदळाचं पोतं मागे बांधून. गाडी एकदाही अडखळली नाही. वर गगनबावड्याला थांबून लगेच प्लग टेकवला, ठिणगी निळी. दिवाळीतला कंडेन्सर घरी हेअर ड्रायरनं तापवून परत जोडून बघितला, ठिणगी तशीच पिवळी पडली. त्यामुळे शंका उरली नाही.

प्लग पांढरट आहे, एक नंबर मोठा जेट मागवलाय. तिलारी रद्द. येत्या रविवारी पहाटे पाचला निघतोय. मामांनी त्यांचं जुनं हेल्मेट काढून ठेवलं होतं, त्याचा पट्टा कुजलाय, म्हणून आज त्यांना नवीन घेतलं. मुक्काम करणार नाही, दुपारी वळीव यायच्या आत परत आजऱ्यात पोचायचं आहे. आजरा ते आंबोली या पट्ट्यात सकाळी आठच्या आधी चहा कुठे मिळतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.