८० कोटींना फुकट धान्य मिळतंय, मग तुमच्या दारात रांग कशाला?

कडकभाकरी

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परवा एका गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली. मुद्दा एवढाच: देशात ८० कोटींना रेशन फुकट, वर लाडक्या बहिणीला महिना १५००, तरी किराणा किट वाटणाऱ्यांच्या दारात रांगा आहेतच. म्हणजे ही भूक नाही, चटक आहे, आणि ही दुकानदारी बंद करा. खाली अंगठ्यांचा पाऊस. त्यातले दोन अंगठे आमच्याच जुन्या देणगीदारांचे, म्हणून जास्त लागलं. तिथं उत्तर दिलं तर ॲडमिन उडवतो, म्हणून इथं लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या अलीकडे आम्ही पाच-सहा जण धान्यपेढी चालवतो. कोरोनात सुरू झाली, नंतर बंद करायला तोंड झालं नाही. महिन्याला घरटी एक किट: ज्वारी, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, शेंगदाणे. विडी वळणाऱ्या बाया, लूमवरचे म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, काही एकटी म्हातारी माणसं.

साहेबांसाठी हिशेब. फुकट धान्य माणशी पाच किलो, दिवसाला १६७ ग्रॅम. दोन भाकरी, फार तर अडीच. लूमवर बारा तास उभा राहणारा अडीच भाकरीत पाळी काढतो का, ते एकदा उभं राहून बघा. त्यात डाळ नाही, तेल नाही, मीठ नाही. आणि हेही ज्याचं नाव यादीत आहे त्यालाच. शहरात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. एवढ्यात खोलीभाडं, लाइटबिल आणि पोराची फी बसवून दाखवणाऱ्याला मी स्वतः किट नेऊन देईन. कोटा ठरलाय २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर घरात सून आली, नातवंडं झाली, ती शाळेत गेली, पण नाव घालायला जा, उत्तर एकच: इष्टांक संपला, म्हणजे कोटा भरला.

दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीमागे चालकाला ५० धरलेले, दहा गिऱ्हाइकाचे आणि चाळीस सरकारचे. ते चाळीस महिनोन्महिने येत नाहीत, केंद्राला कुलूप लागतं, आणि तिथला माणूस आमच्याकडे येतो. आनंदाचा शिधा २०२२ च्या दिवाळीत आला, २०२५ च्या दिवाळीत आलाच नाही. टॉवेलच्या निर्यातीवर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हापासून आमच्या भागात पाळ्या कमी झाल्यात. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, शहरातला देणारा हात माढा-मोहोळकडे वळला. वळायलाच हवा होता. पण आमच्या यादीतली घरं त्या महिन्यात डाळीविना गेली.

आता नवीन नावं थांबवून ठेवलीत. यादी कापायची, किट हलकं करायचं, की थोडे पैसे घ्यायचे? बोला.

सीनाकाठचा

मालक, पोस्ट माझी नाही, पण तिसरा अंगठा माझा धरा.

ज्वारी काढणीला बाई मिळत नाही. मजुरी वाढवली, रिक्षा लावून आणतो-सोडतो, तरी येत नाहीत. घरात पाच किलो माणशी, खात्यात १५००, वरून तुमचं किट. कशाला येतील उन्हात?

दुसरं. तुम्हाला तूर स्वस्त लागते म्हणून सरकार बिनशुल्क तूर बाहेरून आणतं. तेल स्वस्त लागतं म्हणून शुल्क कमी करतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ आणि आडतीत काय पडला ते विचारू नका. तुमच्या किटमधली स्वस्ताई आमच्या खिशातून जाते. त्याची पावती फाडता का?

आत्या_अशोकचौक

दादा, ज्वारी काढायला विडीवाल्या बाईला बोलावताय का? ती जन्मात शेतात गेली नाही. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायची, वळून द्यायची, त्यातली छाट, म्हणजे नापास विड्या, काढून राहिलेले पैसे घ्यायचे. आता पानच रोज मिळत नाही. आठवड्यातून काही दिवसच काम, बाकी दिवस दारात बसून.

आणि रेशनचं ऐका. तिच्या बोटांच्या रेषा पान कापून कापून गेल्यात. मशीनवर अंगठा लागत नाही. दुकानदार चांगला आहे, म्हणतो आजी दुपारी या, नेट बरं असतं. दुपारी म्हणतो उद्या या. शेवटी माझ्या भाचीचा अंगठा लावून काम भागलं. हे ज्यांना चटक वाटतं त्यांना माझा दुरून नमस्कार.

सरळव्याज

भावना बाजूला ठेवून पैशाचं बोलतो, धंदा तोच आहे.

कडकभाकरी, तुमचे देणगीदार दुष्ट झालेले नाहीत. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागते, जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नव्या प्रणालीत ८०जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावट नाही. २०२५ च्या बजेटने १२ लाखांपर्यंत कर शून्य केला, तोही नव्यातच. मार्च आला की "एक पावती द्या हो" म्हणून फोन करणारा पगारदार आता फोनच करत नाही. दान करणारे करतातच, पण मार्चचं दान आणि बाकीच्या अकरा महिन्यांचं दान यात फरक होता, हे मी फायली बघून सांगतो.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायच्या पैशाचं म्हणाल तर नफा ५ कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यांतलं काही असेल त्यालाच तो २ टक्क्यांचा नियम. आपल्या टॉवेलवाल्यांपैकी किती जण बसतात त्यात? जे बसतात ते चकचकीत अहवाल देणाऱ्या मोठ्या संस्थेकडे जातात. तो पैसा घ्यायला संस्थेला लागते ती सीएसआर-१ ची नोंदणी तरी तुमच्याकडे आहे का?

कडकभाकरी

नाही. वही आहे.

सरळव्याज

तेच म्हणतोय. अर्ज भरून देतो, फी नको. पण हिशेब महिन्याच्या महिन्याला लागेल, "राहून गेलं" चालणार नाही.

जुनाकारकून

पुरवठा खात्यात हयात गेली, म्हणून चार शब्द. भूक-बिक नंतर बोलू. आधी हे सांगा, रेशनचा तांदूळ विकतो कोण? सकाळी दुकानातून उचलला की दुपारी गल्लीत टेम्पो हजर. वजनकाटा घेऊन येतो, रोख देतो. तोच तांदूळ पॉलिश होऊन बाजारात, नाहीतर इडलीच्या पिठात. ज्याला खायला नाही तो धान्य विकत नाही, एवढं साधं आहे. आणि हे विकणं जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली गुन्हा आहे, माहीत असावं.

सीनाकाठचा

हे बघा. आतला माणूस बोलला.

पूर्वभागी

कारकूनसाहेब, मी पूर्व भागातली, पद्मशाली. आमच्याकडे दोन्ही वेळ भात. माझ्या शेजारची मावशी बार्शीकडची, तिच्या घरात भाताला जेवण म्हणत नाहीत. भात हा जेवणाच्या शेवटचा घास. दुकानात तिलाही तांदूळ, मलाही तांदूळ. तिचा तांदूळ मी घेते, त्या पैशात ती ज्वारी घेते. यात टेम्पोवाला नाही, पॉलिश नाही. चालवा खटला.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले. त्याच जिल्ह्यात बाईला ज्वारीसाठी तांदूळ विकावा लागतो, आणि गुन्हेगार कोण तर ती.

जुनाकारकून

ताई, दोन घरांतली देवाणघेवाण वेगळी, टेम्पो वेगळा.

पूर्वभागी

कायद्यात आहे का वेगळी?

जुनाकारकून

नाही.

पुणेकर_झालेला

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या बाणेर. यावर सोपा उपाय आहे. एक ॲप करा. हॉटेलं आणि मंगल कार्यालयांत रोज किती अन्न वाया जातं! मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्येच रोटी बँक सुरू केली होती. मागणी आणि पुरवठा जोडून दिला की झालं.

आत्या_अशोकचौक

काय बे पुणेकर, मुहूर्त तुळशीच्या लग्नापासून चातुर्मास लागेपर्यंत. उरलेले महिने ॲपवर काय बघायचं, मेनूकार्ड? आणि लग्नातला मठ्ठा रात्री साडेअकराला फोन करून देतात, "लगेच न्या, कार्यालय धुवायचंय". उन्हाळ्यात तो पोहोचेपर्यंत काय होतो ते धुणाऱ्याला विचारा.

जुनाकारकून

विषय भरकटवू नका, तांदळाचं बोलत होतो. आणखी एक. लोक तांदूळ फेकतात, "प्लास्टिकचा आहे" म्हणून! शंभर दाण्यांत एक दाणा पोषक तत्त्वं घातलेला असतो, तो पाण्यावर तरंगतो. मी स्वतः दुकानासमोर उभा राहून शिजवून दाखवलाय, स्वतः खाऊन दाखवलाय. तरी दुसऱ्या महिन्यात तेच. फुकटच्या वस्तूला किंमत नसते, हे मी खुर्चीवर बसून शिकलो.

पूर्वभागी

अहो, तुमच्या खात्याने दाणा घातला आणि सांगितलं नाही. दुकानात कागद लावला तो सरकारी भाषेत, "फोर्टिफाइड". आमच्या सासूबाई तेलुगू बोलतात, मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही. भातात पांढरा दाणा तरंगताना दिसला, त्या घाबरल्या. तुम्ही असता तर आधी पिशवी परत केली असती, मग अर्ज लिहिला असता, तीन प्रतींत.

जुनाकारकून

तीन प्रतींचा टोमणा कळला.

सीनाकाठचा

माझा बाप ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होता. सुकडी खाल्ली, बाहेरून आलेली मिलो ज्वारी खाल्ली, लाल, रबरासारखी भाकरी व्हायची. पण काम करून. फुकट नाही. त्यातूनच रोजगार हमी आली, कायदा झाला. आता काम नको, फक्त किट पाहिजे.

आत्या_अशोकचौक

दादा, सप्टेंबरात पुराचं किट घेतलंत का हो? काम करून?

सीनाकाठचा

हां, घेतलं. लाज नाही वाटत सांगायला. घरात छातीपर्यंत पाणी होतं. सोयाबीन गेलं, उसात गाळ, दोन म्हशी गेल्या. तुमच्यासारख्या शहाण्यांनी काय पाठवलं माहितीय? तांदूळ. पोत्याने तांदूळ. बिस्किटं. आणि फाटके ब्लाऊज. जनावराला वैरण एकाने आणली नाही, तीन दिवस गाई हंबरत होत्या. एकजण तर किट हातात देऊन फोटो काढेपर्यंत सोडत नव्हता, माझ्या म्हाताऱ्या आईला म्हणतो "आजी, इकडं बघा". ३१ हजार कोटींचं पॅकेज पेपरात वाचलं. आमच्या बांधावर काय आलं ते वेगळ्या धाग्यात लिहीन, इथं शिव्या चालत नाहीत.

म्हणून मला भूक शिकवू नका.

आत्या_अशोकचौक

शिकवत नाही. फक्त तुमच्या आईला चटक लागली असं कोणी पोस्टीत लिहिलं असतं तर, एवढंच विचारते.

पुणेकर_झालेला

+१ आत्या. आणि ॲपमध्ये फोटो बंद ठेवता येईल.

सीनाकाठचा

तू गप रे.

जुनाकारकून

पुरात तांदूळ गेला कारण गोदामात गहू-तांदूळच असतो. केंद्राकडून जे येतं तेच आम्ही वाटतो. ज्वारी हमीभावाने खरेदी करून काही जिल्ह्यांत रेशनला दिली होती, तेव्हा लोक म्हणाले गव्हाचं काय झालं. कुणाचंच समाधान नाही.

बरं, मूळ प्रश्नाचं. पैसे घ्या, पाच का होईना. फुकटची सवय मोडेल. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली, बंद कशाने पडली? खाणाऱ्यांमुळे नाही, केंद्राच्या जागा बळकावणाऱ्यांमुळे. हे मीच सांगतो, म्हणजे तुम्ही म्हणायला नको. पण घेणाऱ्याने काही दिलं की तो प्रश्न विचारतो, डाळ कमी का म्हणून. फुकट घेणारा विचारत नाही.

कडकभाकरी

कारकूनकाका, तुमचं पहिल्यांदा पटलं, म्हणून आश्चर्य वाटतंय. पण पैसे घेण्यावर आमच्यात भांडण झालंय. एका कार्यकर्तीचं म्हणणं, ज्या महिन्यात पन्नास रुपये नसतील त्या महिन्यात बाई यायचीच नाही, आणि तोच महिना खरा अडचणीचा. त्यावर उत्तर सापडेना. शेवटी डबा ठेवू म्हणतोय, ज्याला जमेल त्याने टाकावं, कोणी बघायचं नाही.

यादी कापण्याचा विषय बाद. दोन नावं कापून बघितली. एकीचा मुलगा लूमवर लागला म्हणून कापलं, महिन्याभरात त्याची पाळी गेली. ती परत आलीच नाही, शेजारणीकडून कळलं. आता किट हलकं करतोय. साखर बंद. चहापत्ती ठेवली, त्यावरूनही एकाने आम्हाला ऐकवलं की चहा हा चैनीचा पदार्थ. त्यांना सकाळी बिनचहाचं कामाला पाठवा.

सरळव्याज

साखर बंद आणि चहापत्ती चालू. ऑडिटमध्ये हे कसं लिहू?

सीनाकाठचा

मत बदललेलं नाही. मजूर मिळत नाही ते मिळत नाहीच, आणि तुरीचं मी सोडणार नाही.

पण पुराआधीची दोन पोती मालदांडी माळ्यावर वाचलीय. विकून काही माडी चढत नाही. अट एक, फोटो नाही, फेसबुक नाही, दात्याचं नाव नाही. दुसरी, तांदूळ विकणाऱ्याला ही ज्वारी द्यायची नाही.

कडकभाकरी

पहिली अट मान्य. दुसरी नाही. आमच्याकडे तांदूळ कोण विकतं ते विचारायची पद्धत नाही.

सीनाकाठचा

मग एकच पोतं.

पूर्वभागी

दुसरं मला विका, दादा. सोलापूर बाजार समितीचा त्या दिवशीचा भाव देते. नेऊन त्यांच्याच यादीत टाकते, तुमची अट मोडली असंही होणार नाही.

जुनाकारकून

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

सीनाकाठचा

मंगळवारी भाजी घेऊन यार्डात येतोय. फोन नंबर इथं टाकू नका, निरोप पाठवा. आणि पोती रिकामी करून परत द्या, बारदाना महाग झालाय.