झिल्बरमान: एवढा नावाजलेला ऑर्गनकार एका प्रांतातच का राहिला?

पायपेटी
आमच्या पेटी-दुरुस्ती गटाच्या पुढच्या बैठकीत गॉटफ्रीड झिल्बरमान या जर्मन ऑर्गन बांधणाऱ्यावर 40 मिनिटं बोलायचं आहे. जागा सदाशिव पेठेत, ऐकणारे पंधरा-वीस, सगळे पेटीवाले. भाता, चामडं, सरस, रीड कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पण ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती संगीत नाटकातली पायपेटी, आणि घोडं तिथेच अडतं.

जन्म 1683, मृत्यू 1753, स्ट्रासबुर्गला थोरल्या भावाकडे शिक्षण, 1710 ला सॅक्सनीत (पूर्व जर्मनीतला त्याचा प्रांत) परत, एकूण पन्नासेक ऑर्गन आणि त्यांतले 31 आजही शिल्लक, एवढं जमवलं आहे. अडलंय ते पुढे. 43 वर्षांत पन्नास हा वेग जास्त की कमी? एवढं नाव असून गडी सॅक्सनीबाहेर फारसा गेला नाही, ते का? नळीचा सूर कशाने ठरतो हे रीडवाल्यांना थोडक्यात कसं सांगावं? आणि आज तिकडे हा धंदा कुणी शिकायचा म्हटला तर कसा शिकतात?

कथील
वर्षाला सरासरी एकाहून किंचित जास्त, म्हणजे वेग चांगलाच. फक्त "एक ऑर्गन" म्हणजे काय ते आधी सांगा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. गावच्या चर्चमधला लहान ऑर्गन दहा-बारा स्टॉपांचा असतो. (स्टॉप म्हणजे एका आवाजाच्या नळ्यांची आख्खी रांग. आपल्या पेटीत बास-मेल-फीमेल अशा रीडांच्या रांगा असतात तसं, पण इथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी.) फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमधला 1714 चा ऑर्गन मात्र 44 स्टॉपांचा, तीन हातपट्ट्या (हाताने वाजवायचे कीबोर्ड) आणि खाली पायपट्टी, नळ्या अडीच हजारांवर. करार 1710 च्या ऑक्टोबरात झाला, काम चार वर्षं चाललं. करार झाला तेव्हा त्याचं वय 27.

मधला माल, म्हणजे मध्यम आकाराचे ऑर्गन, हा त्याच्या धंद्याचा कणा. फोर्खहाइम (1726), राइनहार्ट्सग्रिमा (1731), फ्राउरॉइट (1742) ही गावं नकाशावर शोधून दाखवा. तिन्हीकडे दोन हातपट्ट्या, 20 स्टॉप. सोळा वर्षांच्या अंतराने तोच आराखडा. नळ्यांचे व्यास, हवापेटीची (जिच्यावर नळ्या उभ्या राहतात) मापं, पट्ट्यांची लांबी एकदा बसवली की कारागिराला दर वेळी नव्याने डोकं चालवावं लागत नाही, लाकूड आधीच कापून वाळत ठेवता येतं. वेग तिथून येतो.

आता बाहेर न जाण्याचं. लोक 'साधा माणूस, मातीवर प्रेम' वगैरे लिहितात. मला त्यात दम वाटत नाही. हिशेब बघा:

नळ्या, हवापेट्या, भाते सगळं फ्रायबर्गच्या कारखान्यात तयार व्हायचं आणि बैलगाडी-घोडागाडीने जायचं. कथलाच्या पातळ पत्र्याची नळी खडखडाटात दबते. फ्रायबर्ग ते ड्रेस्डेन साधारण 40 किमी, पुणे-जेजुरीपेक्षाही कमी. पुढे प्रत्येक मैलाला नुकसान वाढतं. गाड्या, राहण्याची सोय, भाता तुडवायला माणूस हे त्या काळच्या करारांत बहुधा गावाने द्यायचं असे. लांबचं गाव हा खर्च बघून जवळचा कारागीर गाठणार.

कच्चा मालही दाराशी होता. एर्त्सगेबिर्ग डोंगरात आल्टेनबेर्गला कथलाच्या खाणी, खुद्द फ्रायबर्ग हे खाणींचं शहर. त्याचं जन्मगाव क्लाइनबोब्रिच त्याच डोंगरातलं, फ्राउएनश्टाइनजवळ.

तिसरी गोष्ट, 1723 मध्ये राजाने (ऑगस्टस द स्ट्राँग) त्याला 'दरबारी आणि प्रांतिक ऑर्गनकार' हा किताब दिला. किताब प्रांतापुरता. शेजारच्या संस्थानात त्याची किंमत गावच्या पाटीलकीएवढीच.

त्साखारियास हिल्डेब्रान्टचं प्रकरण सांगितल्याशिवाय बसू नका. 1713 ला तो झिल्बरमानकडे शिकायला आला तेव्हाच लिहून घेतलं होतं की सॅक्सनीत स्वतःचा धंदा थाटायचा नाही. नंतर त्याने कामं घ्यायला सुरुवात केली (श्ट्योर्मटालचा त्याचा ऑर्गन 1723 मध्ये संगीतकार बाखने तपासला), झिल्बरमान भडकला, भांडण 1724 मध्ये मिटलं. पुढे 1746 मध्ये हिल्डेब्रान्टच्या नाउमबुर्गच्या ऑर्गनची तपासणी करायला कोण गेलं? बाख आणि स्वतः झिल्बरमान. आणि ड्रेस्डेनच्या राजचर्चचा 47 स्टॉपांचा ऑर्गन अर्धवट ठेवून म्हातारा 1753 च्या ऑगस्टमध्ये गेला, तेव्हा तो पुरा करणाऱ्यांत हिल्डेब्रान्टच पुढे होता. 1755 ला वाजला.

रंधा
नळीबद्दल. पेटीत पितळेची जीभ हलते, सूर तिच्या लांबी-जाडीवर ठरतो, हवा फक्त तिला हलवते. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत हलणारा धातू नसतोच. पायातून हवा वर येते, आडव्या पडद्याच्या आणि खालच्या ओठाच्या मधल्या फटीतून पातळ चादरीसारखी निघते, वरच्या ओठावर आपटते आणि आत-बाहेर झुलते. सूर ठरतो आतल्या हवेच्या लांबीवर. म्हणजे बासरीच, फक्त तोंड तयार घडवून दिलेलं.

मापं: उघडी नळी 2.4 मीटर असली तर साधारण 65 हर्ट्झ, म्हणजे मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तकं खाली. वरून बंद केली तर तोच सूर 1.2 मीटरमध्ये मिळतो. आवाज मात्र पोकळ, कारण सम क्रमांकाचे उपस्वर जवळजवळ जातात. खर्ज हवा पण जागा नाही, पैसे नाहीत, तिथे हाच उपाय.

पत्रा: कथील आणि शिसं. कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 ला, मिश्रण दोघांच्याही खाली वितळू लागतं. लांब सपाट ओट्यावर रस भरलेली पेटी सरकवत नेली की मागे पत्रा पसरतो. पेटी सावकाश ओढली तर पत्रा जाड. मग रंध्याने तासून एकसारखा करतात, तोंडाशी जाड आणि वर पातळ, नाहीतर मोठी नळी वर्षानुवर्षं उभी राहून स्वतःच्या वजनाने पायात बसते. शिसं जास्त तर आवाज गोल, पण नळी मऊ. कथील जास्त तर धार येते आणि खर्चही. दर्शनी नळ्या चकचकीत दिसतात त्या कथलाच्या जोरावर.

नळी बोलती करणं ही वेगळी विद्या, ती चर्चमध्ये उभं राहूनच करायची. वरचा ओठ किती उंच कापायचा, पायाचं भोक किती मोठं, फट किती. ओठ एकदा जास्त कापला की परत येत नाही. आवाज फुसका होतो आणि ती नळी वितळवण्याखेरीज मार्ग नसतो. म्हणून थोडं कापा, ऐका, पुन्हा कापा.

जीभवाल्या नळ्याही असतात (ट्रम्पेट वगैरे), आणि झिल्बरमानच्या त्या नावाजलेल्या, स्ट्रासबुर्गची फ्रेंच वळणाची तालीम तिथे दिसते. पण आपल्या रीडची जीभ घरातून आरपार जाते, त्यांची पितळी पन्हळीवर आपटते. आपण सूर चढवायला टोकाशी खरवडतो, उतरवायला बुडाशी. तिथे तार असते: तार खाली सरकवली की जिभेचा मोकळा भाग आखूड, सूर चढा. गटाला हा फरक लगेच पटेल.

पायपेटी
फार कामाचं, दोघांचेही आभार. एक शंका. त्यांचा सूर आजच्यासारखा 440 हर्ट्झच धरून सांगू का? आणि बिघाड काय काय होतात?

गांधार
440 अजिबात नको. फ्रायबर्ग कॅथीड्रलचा ऑर्गन सुमारे 476 हर्ट्झला आहे, 440 पेक्षा एका अर्धस्वराहूनही चढा. ड्रेस्डेनच्या राजचर्चचा मात्र खालचा, 415 च्या आसपास. एकाच माणसाचे दोन ऑर्गन, दोन पट्ट्या.

शिवाय समान अंतराची पट्टीही नव्हे. झिल्बरमान मीनटोन वळणाचा, म्हणजे जवळच्या सुरावटींत तीव्र गंधार शुद्धाकडे झुकलेला. गांधार ट्यूनिंग (पेटीचा गंधार शुद्ध लावणं) करणाऱ्यांना हे चटकन कळेल: समान पट्टीत गंधार 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, तो कमी करायचा म्हणून पंचम किंचित उतरवत न्यायचे. उतरवलेल्याची भरपाई कुठेतरी होणारच. शेवटचा एक पंचम असा बेसूर होतो की जर्मन लोक त्याला लांडगा म्हणतात. त्या पट्टीत कुणी वाजवायचं नाही, एवढंच.

बिघाडांत सगळ्यांत जास्त त्रास हवामानाचा. हवा तापली की नळीचा सूर चढतो, अंशामागे साधारण 3 सेंट. पुण्यात डिसेंबरात पहाटे 12 अंश आणि दुपारी 28 असतं. तेवढ्या फरकात सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने सरकेल. जीभवाल्या नळ्या त्या मानाने जागच्या जागी राहतात. एकाच ऑर्गनमधल्या दोन जाती भांडायला लागतात. अशा वेळी फक्त जीभवाल्या जुळवतात. बाकीच्या हजारो नळ्यांना हात लावला तर उद्या गारठा पडल्यावर पुन्हा सगळं उलटं.

आणि मुळात नळीला हात लावायचाच कमी. लहान उघड्या नळीचं वरचं टोक पितळी शंकूने फाकवलं की सूर चढतो, आवळलं की उतरतो. दर वर्षी ठोकाठोक केली तर टोकं चिरतात. जुने ऑर्गन युद्धात गेले तसे अशा सेवेनेही गेले आहेत, असं माझं मत.

इतर: बोट उचललं तरी स्वर वाजत राहतो. त्याला कारण झडपेवर कचरा, फुगलेलं लाकूड किंवा बोटाखालच्या पट्टीपासून झडपेपर्यंत ओढ नेणारी, फार ताणून बसवलेली लाकडी पट्टी. आधी या लाकडी पट्टीची चाकी अर्धा फेरा सैल करून बघायची, झडप उघडणं शेवटी. शेजारची नळी हळूच कण्हते, तेव्हा हवापेटीच्या फळ्यांमधून हवा पलीकडच्या घरात झिरपत असते. हिवाळ्यात चर्च जोरात तापवलं की लाकूड आटून हे होतं. तिसरा प्रकार वाईट: ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या नळ्यांचे पाय आतून खाल्ले जातात. बाहेरून पांढरी भुकटी दिसते तोवर उशीर झालेला असतो.

हवेचा दाब पाण्याच्या स्तंभात मोजतात, बऱ्याच ऑर्गनांत 60 ते 100 मिलिमीटर. गवंड्याची लेव्हलची नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरा, एक टोक हवेच्या भोकाला बुचाने घट्ट लावा, दोन पातळ्यांतला फरक म्हणजे दाब. पेटीच्या भात्यालाही चालतं. आपल्या गटात कुणीच मोजत नाही ही खंत आहे.

कथील
शिक्षणाचं राहिलं होतं. जर्मनीत साडेतीन वर्षांची उमेदवारी: कारखान्यात पगारी काम, मधेमधे शाळा. शाळा लुडविग्जबुर्गला, ऑस्कर वाल्कर शाळा. दोन फाटे आहेत, ऑर्गन बांधणं आणि नळ्या बनवणं. मग कारागिराची परीक्षा, पुढे काही वर्षांनी हवी तर मास्टरची. 2004 मध्ये स्वतःचा कारखाना काढायला मास्टर असण्याची अट काढून टाकली होती, 2020 च्या फेब्रुवारीत ती परत आली. आणि त्या कायद्यात धंद्याचं नाव काय आहे माहितीय? 'ऑर्गन आणि हार्मोनियम बांधणारा'. हे बैठकीत पहिल्याच वाक्यात सांगा. 2017 मध्ये युनेस्कोने जर्मनीची ऑर्गन बांधणी आणि ऑर्गन संगीत वारसा-यादीत घेतलं, तेही त्यालाच जोडून येईल.

रंधा
@पायपेटी, प्रात्यक्षिकासाठी ऑर्गन लागत नाही. बोहरी आळीतून 60 सेंमी पीव्हीसी नळी आणा. एका टोकावर तळहात मारून तसाच दाबून ठेवलात तर 140 हर्ट्झच्या आसपास सूर, मारून लगेच उचललात तर 280. बंद आणि उघडी, एक सप्तक, तेवढीच नळी. शेजारी पेटीवर तोच स्वर धरा. व्यास 25 मिमीच्या खाली घेऊ नका, मागच्या रांगेत ऐकू येणार नाही. आणि कडा कानशीने साफ करा, नाहीतर तळहात नीट बसत नाही आणि बंद नळीचा सूर फुटतो.